कापड ताठ, दोरा सैल: भरतकामाचे पहिले टाके

नवशिक्याचं भरतकाम टाका न समजल्यामुळे क्वचितच बिघडतं. टाका समजायला पाच मिनिटं पुरतात. बिघडतं ते ताणामुळे. रिंगमधलं, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या दोन कड्यांच्या गोल चौकटीतलं कापड ढिलं राहतं, दोरा मात्र नको तितका ओढला जातो, आणि रिंग काढली की नक्षीभोवती चुण्या दिसतात. म्हणून इथे मोजकेच टाके घेतले आहेत आणि प्रत्येक टाक्यात हात कुठे चुकतो ते जास्त सविस्तर सांगितलं आहे. धावदोरा, उलटी टीप, दांडी टाका, साखळी, लेझी डेझी, भरीव टाका, गाठीचा टाका आणि काठासाठी काजटाका, एवढे नीट आले की रुमालापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत बहुतेक सगळं घरी भरता येतं.

सामान घेताना

पहिल्या सरावाला पांढरं किंवा फिकं सुती कापडच घ्या. कॅसमेंट सगळ्यात सोयीचं. त्याची वीण घट्ट असते, जाडी बेताची असते आणि त्यावर पेन्सिलची रेघ स्पष्ट दिसते. पॉपलीन आणि केंब्रिकही चालेल. मांजरपाट स्वस्त आणि सरावाला उत्तम, पण त्यात खळ असते. रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, इस्त्री करूनच ते वापरा. नाहीतर सुई अडते, आणि पुढे पहिल्या धुण्यात कापड आटलं की भरलेला भाग आकसून बसतो. खरं तर कुठलंही सुती कापड भरण्याआधी एकदा धुऊन घ्यावं. ब्लाउजसाठी मिळणारं टू बाय टू रुबिया पहिल्याच कामाला घेऊ नका. ते पातळ असल्यामुळे मागून गेलेल्या दोऱ्याची सावली पुढे दिसते. जॉर्जेट, शिफॉन आणि ताणलं जाणारं होजिअरी कापड हात बसेपर्यंत बाजूला ठेवा.

दोरा सहापदरी सुती घ्या. अँकर ब्रँडची लडी ८ मीटरची असते आणि तिच्या लेबलवर रंगाचा नंबर असतो. ते लेबल फेकू नका, दोरा संपल्यावर तीच छटा मागायला नंबरच लागतो. चमकदार रेयॉनचा दोरा दुकानात मोहात पाडतो, पण तो निसरडा असतो, पदर सुटतात, गाठ टिकत नाही. सुरुवातीला तो टाळाच.

सुई भरतकामाचीच हवी. तिचं टोक अणकुचीदार आणि नेढं लांबट असतं, त्यामुळे दोन-तीन पदर एकदम आत जातात. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. दोन पदरांसाठी ८ नंबर, तीन पदरांसाठी ७ नंबर धरून चाला. सुई बरोबर आहे का ते कापडच सांगतं. दोरा भोकातून घासत जात असेल आणि पिंजत असेल तर सुई बारीक पडली. दोरा गेल्यावरही भोक उघडं दिसत असेल तर सुई जाड झाली.

रिंग ६ इंची, लाकडी, स्क्रूची घ्या. याहून मोठी घेतली तर मधोमध बोट पोचत नाही आणि कापडही मध्यभागी ढिलं पडतं. सोबत टोकदार लहान कात्री, एचबी पेन्सिल आणि अर्धा ते पाऊण इंच रुंदीची सुती पट्टी लागेल. ही पट्टी कशाला ते पुढे येईल.

नाशिकमध्ये हे सगळं मेन रोड, शालिमार आणि दहीपूल या भागात एका फेरीत होण्यासारखं आहे. कापड मॅचिंग सेंटरमध्ये, बाकी वस्तू शिलाईच्या सामानाच्या दुकानात. दोऱ्याचा रंग निवडताना लडी दुकानाबाहेर उजेडात धरून पाहा. ट्यूबलाइटखाली जवळजवळच्या दोन हिरव्या छटा सारख्याच वाटतात आणि घरी आल्यावर फरक कळतो. लाल, मरून, गडद निळा असे रंग घेतले तर घरी एक तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून पाहा. डाग उमटला तर लडी थंड पाण्यात, पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळून वाळवा. मीठ-व्हिनेगर लावून रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका.

रिंगमध्ये कापड बसवणं

या पायरीला लोक अर्धा मिनिट देतात. पाच मिनिटं द्यायला हवीत.

रिंगच्या आतल्या कड्याला सुती पट्टी तिरकी गुंडाळून घ्या. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढला पाहिजे, आणि शेवटी टोक दोन-चार टाक्यांनी शिवून टाका. पट्टीमुळे कापडाला पकड मिळते, ते सरकत नाही आणि लाकडाचा डागही पडत नाही. ६ इंची रिंगला कापड निदान १० इंच चौरस कापा, म्हणजे चारही बाजूंनी धरायला दोन-दोन इंच उरतं.

आतलं कडं टेबलावर ठेवा, त्यावर कापड, वरून बाहेरचं कडं दाबून बसवा आणि स्क्रू अर्धा आवळा. आता कापड ताणा, पण फक्त उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेने: वर-खाली, मग डावी-उजवी. कोपरे धरून तिरकं कधीही ओढू नका. तिरक्या दिशेला कापड सहज लांबतं, त्यावर काढलेलं गोल वर्तुळ रिंग काढल्यावर अंडाकृती होतं, आणि ते मग इस्त्रीनेही सरळ होत नाही. ताणून झालं की स्क्रू पूर्ण आवळा. बोटाने टिचकी मारल्यावर ढोलकीसारखा आवाज आला पाहिजे. काम करताना कापड ढिलं पडतंच, दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ताणून घ्या.

ताठ कापडाचा आग्रह का, तर दोरा ओढताना ढिलं कापड दोऱ्याबरोबर सरकतं आणि दोन भोकांमधलं अंतर कमी होतं. तेवढं कापड टाक्याखाली गोळा होतं आणि त्याचीच चुणी बनते. ताठ कापड दोऱ्याला दाद देत नाही. टाका कापडावर टेकला की तिथेच थांबा, आणखी एक हिसका देऊ नका. टाक्याखालून सुईचं टोक अलगद सरकवता आलं तर ताण बरोबर आहे.

स्क्रू नेहमी डावीकडे वर, घड्याळात दहा वाजता तास काटा असतो तिथे ठेवा, म्हणजे दोरा त्यात अडकत नाही. डावखुऱ्यांनी दोनच्या जागी ठेवावा. काम थांबवताना रिंग काढून ठेवा. रात्रभर राहिली तर कापडावर गोल घडी बसते, पावसाळ्यात स्क्रूचा गंजही लागतो. सुईसुद्धा कापडात टोचून ठेवू नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत चार दिवसांत तपकिरी ठिपका पडतो आणि पांढऱ्या कापडावरून तो निघत नाही.

नक्षी उतरवणं

सरावाच्या रेघा थेट पेन्सिलने, हलक्या हाताने काढा. नक्षीसाठी सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे खिडकीची काच. कागदावर नक्षी काळ्या पेनने गडद करा, दिवसा काचेवर चिकटवा, वर कापड लावून गिरवा. गडद कापडाला हा उपाय लागू पडत नाही, तिथे पिवळा किंवा पांढरा कार्बन पेपर घ्या. टायपिंगचा निळा-काळा कार्बन मात्र वापरू नका, त्याची शाई धुऊन जात नाही आणि फिक्या दोऱ्यालाही लागते.

पाण्याने जाणारा निळा पेन सोयीचा आहे, पण एक पथ्य पाळा: रेघ पाण्याने पूर्ण काढल्याशिवाय त्यावर इस्त्री फिरवू नका. उष्णतेने ती शाई पक्की बसू शकते. इस्त्रीने पुसल्या जाणाऱ्या पेनचं याच्या उलट. दोन्ही पेन घरात असतील तर त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

दोरा ओवणं आणि सुरुवात

दोऱ्याची लांबी बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर. सारखं सारखं ओवायला नको म्हणून लांब दोरा घेण्याचा मोह होतो, पण लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासत जातो. शेवटाकडे त्याचे तंतू उभे राहतात आणि गुंताही होतो.

सहा पदरांतून दोन हवे असतील तर दोन एकदम ओढू नका. टोक चिमटीत धरून एकच पदर सरळ वर ओढून काढा, मग दुसरा, आणि दोन्ही पुन्हा शेजारी लावून ओवा. एक-एक काढलेले पदर शेजारी-शेजारी सपाट बसतात, टाका भरदार दिसतो. दोन एकदम ओढले तर उरलेल्या चारांचा गुंता होतो आणि अर्धी लडी वाया जाते.

सुरुवातीला गाठ मारायची सवय लावूनच घेऊ नका. गाठ इस्त्रीत पुढून उठून दिसते आणि सैल विणीच्या कापडातून सरळ वर निघून येते. दोन पदरांचं काम असेल तेव्हा असं करा: एकच पदर दुप्पट, म्हणजे ९० सेंटिमीटर घ्या, मधोमध दुमडा आणि दोन्ही कापलेली टोकं नेढ्यात ओवा. दुसरीकडे फास तयार होतो. मागून सुई वर काढा, पहिला टाका घेऊन खाली गेल्यावर सुई त्या फासातून काढून ओढा. दोरा पक्का बसतो आणि गाठीचा पत्ता नसतो. तीन पदरांना ही युक्ती चालत नाही. तिथे मागे ५-६ सेंटिमीटरचं शेपूट सोडून बोटाखाली धरा आणि शेवटी ते टाक्यांखालून ओवून टाका.

संपवताना मागच्या बाजूने चार-पाच टाक्यांखालून सुई न्या, वळून पुन्हा दोन टाक्यांखालून आणा, दोरा कापा. कापडात सुई घुसता कामा नये. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाताना अंतर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर दोरा तोडून नवी सुरुवात करा. मागून लांब ओढलेला दोरा पुढून दिसतो, बांगडीत अडकतो आणि कापडही आखडतं.

भरताना दोऱ्याला पीळ चढत जातो. दर आठ-दहा टाक्यांनी रिंग उलटी धरून सुई लोंबकळत सोडा, ती गरगर फिरून पीळ उतरवते. भरताना मध्येच आपोआप बसणाऱ्या गाठी बहुतेक या पिळामुळेच असतात.

रेघेचे टाके

सरावाच्या कापडावर १० सेंटिमीटरच्या चार रेघा, दीड सेंटिमीटर अंतराने आखा. पट्टी ठेवून त्यांवर दर ३ मिलिमीटरवर बारीक ठिपके द्या. ठिपक्यांचा कंटाळा करू नका. डोळ्याला मापाची सवय त्यांनीच लागते. नुसत्या अंदाजाने भरणाऱ्यांचे टाके रेघेच्या सुरुवातीला लहान आणि शेवटी मोठे होतात. चार रेघा झाल्या की दोन-चार मापाची बांगडी ठेवून वर्तुळ काढा. तिचा आतला व्यास सव्वादोन इंच असतो, वळण शिकायला नेमका.

धावदोरा सर्वांना येतो. एका ठिपक्यावर सुई वर, पुढच्या ठिपक्यावर खाली. रिंगमध्ये काम करताना सुई पूर्ण खाली ओढून घ्या, मग पूर्ण वर. हातशिलाईत एकदम तीन-चार टाके सुईवर घेतो तसं इथे केलं तर ताठ कापड ढिलं करावं लागतं आणि केलेली सगळी मेहनत जाते.

उलटी टीप सलग रेघेसाठी. पहिला टाका साधा घ्या. आता सुई मागून पुढच्या ठिपक्यावर काढा, म्हणजे एक टाका पुढे, आणि मागे येऊन आधीचा टाका जिथे संपला त्याच भोकात घाला. भोक तेच हवं. थोडं अलीकडे गेलं की रेघ तुटक दिसते, आधीच्या दोऱ्यात घुसलं की दोरा फाटतो. सरळ रेघेवर टाका ३ मिलिमीटरचा, वळणावर २ मिलिमीटरचा. वळणावर लांब टाके घेतले की वर्तुळाचा बहुकोन होतो. अक्षरं भरायला याच्याइतका भरवशाचा टाका दुसरा नाही.

दांडी टाका वेली आणि देठांसाठी. डावीकडून उजवीकडे चला, डावखुऱ्यांनी उजवीकडून डावीकडे. रेघेच्या सुरुवातीला सुई वर काढा. ६ मिलिमीटर पुढे रेघेवरच खाली घाला, पण दोरा पूर्ण ओढून घेऊ नका. खालच्या बाजूला छोटा फास राहू द्या, तो अंगठ्याने रेघेच्या खाली धरा. सुई आता टाक्याच्या मधोमध, म्हणजे ३ मिलिमीटरवर, फासाच्या वरून बाहेर काढा आणि मग दोरा ओढा. पुढचा टाका पुन्हा तेवढाच लांब, आणि या वेळी सुई वर येते ती आधीचा टाका जिथे खाली गेला त्याच भोकातून. असं अर्धा-अर्धा टाका एकमेकांवर चढत जातो आणि रेघेला पीळ दिसतो.

यात एकच चूक सर्रास होते, पण ती सगळं बिघडवते. दोरा कधी रेघेच्या खाली, कधी वर राहतो. बाजू बदलली की पीळ तिथे मोडतो आणि वेलीवर दात दिसतो. पूर्ण रेघ संपेपर्यंत दोरा एकाच बाजूला. मागची बाजू पाहून तपासता येतं: मागे उलट्या टिपेसारखी स्वच्छ सलग रेघ दिसली पाहिजे. कुठे ती आडवीतिडवी झाली असेल तर पुढून दोष दिसत नसला तरी तिथे हात चुकलाय. तीक्ष्ण वळण आलं की टाका ४ मिलिमीटरवर आणा.

साखळी आणि लेझी डेझी

सुई वर काढा. त्याच भोकात पुन्हा खाली घाला आणि ४ मिलिमीटर पुढे टोक वर काढा. सुईच्या टोकाखालून दोरा डावीकडून उजवीकडे फिरवून घ्या आणि सुई ओढा. पहिली कडी झाली. दुसऱ्या कडीसाठी सुई पहिल्या कडीच्या आत, दोरा जिथून वर आलाय त्याच भोकात घाला. शेवटच्या कडीवर, तिच्या टोकाबाहेर, एक बारीक टाका घेऊन ती बांधायची. ही बांधणी राहिली तर टोक ओढताच अख्खी साखळी एका दमात उसवते.

साखळीत दोरा ओढण्याची दिशा महत्त्वाची. दोरा वर, आपल्याकडे ओढला तर कडी आवळून तिची नुसती रेघ होते. कापडाला समांतर, पुढच्या दिशेने हळू ओढा आणि कडीचे दोन्ही हात कापडावर टेकले, पोट गोल राहिलं की थांबा. दोरा साखळीच्या मध्येच संपत आला तर शेवटची कडी सैल ठेवा, नवा दोरा मागून तिच्या आतून पुढच्या ठिपक्यावर वर काढा, मग जुना दोरा मागून ओढून कडी बेताची करा आणि मागे ओवून टाका. जोड दिसत नाही.

लेझी डेझी म्हणजे सुटी कडी, एक पाकळी. कडी घालायची आणि लगेच टोकाला बारीक टाक्याने बांधायची. पाच पाकळ्यांच्या फुलासाठी मधोमध २ मिलिमीटरचा गोल मोकळा सोडा, सगळ्या पाकळ्या त्या गोलाच्या कडेवरून सुरू करा. सगळ्या एकाच भोकातून काढल्या तर मधे छिद्र पडतं आणि गाठ बसवायला जागा उरत नाही. पाकळी ८ मिलिमीटरपर्यंतच. एक सेंटिमीटरच्या पुढे गेली की ती लोळते आणि धुताना ओढली जाते. मोठी पाकळी हवीच असेल तर तीन पदर घ्या आणि आत एक सरळ टाका भरा.

भरीव टाका

सगळ्यांना आधी हाच करायचा असतो, आणि सगळ्यात जास्त धीर यालाच लागतो. नियम तीन आहेत, पण त्यांना सूट नाही.

पहिला: आकाराच्या रेघेवर आधी एका पदराची बारीक उलटी टीप घाला आणि भरताना सुई त्या टिपेच्या जेमतेम बाहेरून वर-खाली करा. टीप आत झाकली जाते, कड उचललेली आणि एकसारखी येते. दुसरा: कडेपासून सुरुवात करू नका. आकाराच्या मधोमध, सर्वात रुंद जागी पहिला टाका तिरका घ्या आणि तिथून एका बाजूला, मग परत मध्यावरून दुसऱ्या बाजूला भरा. कडेपासून निघालं की टाक्यांचा तिरपेपणा बदलत जातो आणि शेवटच्या टोकाला टाके आडवे होतात. तिसरा: टाका ८ मिलिमीटरहून लांब नको. आकार रुंद असेल तर तो दोन भागांत वाटा, पानाला मधली शीर काढतो तसं.

दोन पदरच घ्या आणि ते सपाट ठेवा. दोरा खाली ओढताना सुईच्या बाजूने पदरांवर हलकेच दाब दिला की पीळ न पडता ते शेजारी बसतात. चमक येते ती याच सपाटपणामुळे. दोन टाक्यांच्या मधे कापड दिसत असेल तर आणखी एक टाका कोंबू नका, तो वर चढून बसतो. उसवून पुन्हा घ्या. उसवताना सुई उलटी धरून नेढ्याकडून टाका उचला, टोकाने उचललं की दोरा चिरतो.

हिवाळ्यात नाशिकची कोरडी थंडी भरीव टाक्याच्या मुळावर येते. बोटांची त्वचा खरखरीत होते आणि गुळगुळीत बसलेले पदर तिला अडकून उचलले जातात. रात्री खोबरेल लावून झोपा, सकाळी हात साबणाने धुऊन मगच कापडाला हात लावा. तेलकट बोटांनी भरलं तर फिक्या रंगावर काळपट छटा चढते.

गाठीचा टाका

फ्रेंच नॉट म्हणून हा टाका सर्वत्र ओळखला जातो, आणि बहुतेक जण दोन-चारदा गाठ मागे निघून गेली की याचा नाद सोडतात. कारण अगदी साधं आहे.

सुई वर काढा. डाव्या हाताने दोरा, कापडापासून ३ सेंटिमीटरवर, ताणून धरा. सुई दोऱ्याच्या शेजारी आडवी ठेवा आणि दोरा सुईभोवती दोनदा गुंडाळा. आता सुईचं टोक जिथून दोरा आला त्या भोकाच्या शेजारी, एक-दोन धागे सोडून, कापडात टेकवा. त्याच भोकात घातलं तर गाठीला अडायला कापडच राहत नाही, ती आरपार जाते. डाव्या हाताने दोरा ओढून वेढे कापडापर्यंत खाली सरकवा, आणि सुई आरपार जाईपर्यंत तो दोरा ताणलेलाच ठेवा. शेवटचं थोडं शेपूट उरलं की सोडा.

बाकी सगळीकडे दोरा सैल, इथे मात्र डाव्या हातातला दोरा ताठ. तो लवकर सोडला की गाठीऐवजी डोलणारा फास तयार होतो. उलट, वेढेच घट्ट आवळून घेतले तर सुईचं नेढं त्यांतून जात नाही, कारण भरतकामाच्या सुईचं नेढं दांड्यापेक्षा जाड असतं. पुष्कळ गाठी भरायच्या असतील तर नेढ्यापाशीही न फुगणारी, सर्वत्र एकाच जाडीची लांब सुई मागा. गाठ मोठी हवी म्हणून चार-पाच वेढे घालू नका, ती एका बाजूला कलंडते. वेढे दोनच ठेवा आणि पदर वाढवा.

काजटाका

रुमालाच्या किंवा ट्रे-क्लॉथच्या काठाला. कड आधी दोनदा दुमडून टाचून घ्या. काठाशी सुई काढा, ५ मिलिमीटर आत आणि ४ मिलिमीटर पुढे सुई खाली घाला, टोक काठाबाहेर आणा, दोरा टोकाखाली ठेवून ओढा. काठावर दोऱ्याची सलग कड बसते. कोपऱ्यात एकाच भोकातून तीन टाके घ्या: एक अलीकडे, एक कर्णावर, एक पलीकडे. हे काम रिंगशिवाय हातावरच होतं, त्यामुळे इथे दोरा ओढताना आणखी सावध राहा.

पहिलं काम: द्राक्षाचा घड

नाशिककरांना नक्षीसाठी पुस्तक उघडायची गरज नाही. द्राक्षाच्या घडात दांडी टाका, उलटी टीप आणि गाठीचा टाका येतात आणि गाठ थोडी लहान-मोठी झाली तरी ती शोभून जाते, कारण घडातले मणीही एका मापाचे नसतात.

वर एक ६ सेंटिमीटरची आडवी फांदी काढा. तिच्या मधून १ सेंटिमीटरचा देठ खाली, आणि देठाखाली उलटा त्रिकोण, वर साडेतीन सेंटिमीटर रुंद. त्रिकोणात ४ मिलिमीटर अंतराने ठिपक्यांच्या ओळी द्या: वर ९, मग ८, ७ असं उतरत शेवटी १. एकूण ४५ ठिपके, तेवढ्याच गाठी. प्रत्येक ओळीचे ठिपके वरच्या ओळीच्या मधल्या जागेत येऊ द्या. फांदीच्या एका बाजूला पाच कोनांचं पान, दुसऱ्या बाजूला वळणारा तणावा, म्हणजे वेलीचा दोऱ्यासारखा कोंब.

फांदी आणि देठ तपकिरी, तीन पदर, दांडी टाका. तणावा एका पदराचा, दांडी टाकाच, पण टाके ३ मिलिमीटरचे. पानाची कड दोन पदरांच्या उलट्या टिपेने, शिरा एका पदराने. पान भरीव करायचा हट्ट पहिल्या वेळी धरू नका. गाठी तीन पदर, दोन वेढे. थॉमसन जातीच्या द्राक्षांचा घड हवा असेल तर पोपटी आणि पिवळसर हिरवा अशा दोन छटा, शरद सीडलेससाठी गडद जांभळा आणि वांगी रंग. उजवीकडच्या आणि खालच्या गाठी गडद छटेत भरा, डावीकडच्या वरच्या फिक्या, घडाला गोलाई येते. गाठी सर्वात शेवटी भरा. आधी भरल्या तर रिंग सरकवताना त्या कड्याखाली चेपतात. प्रत्येक रंगाची एक लडी पुरून उरते.

दुसरं काम कोयरीचं घ्या. येवल्याच्या पैठणीवरची कोयरी विणलेली असते, उभ्या-आडव्या धाग्यांतून ती पायरी-पायरीने वळते. सुईला ती अडचण नाही, त्यामुळे पैठणीवरून नक्षी उतरवताना पायऱ्या गाळून वळण सलग काढा. बाहेरची रेघ साखळीने, आतली दांडी टाक्याने, पोटातला थेंब भरीव, आणि दोन रेघांच्या मधल्या जागेत गाठी.

धुणं आणि इस्त्री

काम संपल्यावर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका. पंच्यात गुंडाळून पाणी टिपा. थोडं दमट असतानाच जाड टॉवेलवर कापड उलटं पसरून मागून इस्त्री करा. गाठी टॉवेलात रुततात आणि चपट्या होत नाहीत. रिंगची घडी उरली असेल तर त्या जागी थोडं पाणी शिंपडून पुन्हा इस्त्री दाबा, फिरवू नका.

तान्ह्या बाळाच्या झबल्यावर किंवा टोपड्यावर भरलं असेल तर मागच्या बाजूला मलमलचा तुकडा हातशिलाईने लावून घ्या. मागचे दोरे कितीही नीट असले तरी कोवळ्या अंगाला टोचतात, आणि बाळाची बोटं त्यात अडकू शकतात.